पाण्यातली सवत

बंदरावर जाळी सांधणाऱ्या बायका पाच-सहा असतील, पण नुसतं 'वहिनी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच बाई यायची. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची शेड, शेडच्या दारात पालथं घातलेलं खोकं, त्यावर ऐसपैस बसलेली वहिनी. पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड ताणून धरलेली, हातात सुई, आणि तोंडाचा पट्टा सुरू. हात एखादे वेळी थांबेल, तोंड थांबायचं नाही.

नवरा जिवंत असताना तो सगळ्यांचा दादा होता, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. तो गेला, पण नाव राहिलं. पाठीमागे मात्र लोकांनी तिला आणखी एक नाव ठेवलं होतं: परीची सवत.

त्याचं असं झालं. मुलगी अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. नवरा आणि त्याचा जोडीदार लहान होडी घेऊन गवताळ खाडीकडे गेले होते. तिथं पाणी उथळ, तळाशी हिरवंगार गवत, आणि खाडीच्या तोंडाशी भलती ओढ. दुपारची वेळ, समुद्र पाटासारखा सपाट. संध्याकाळी होडी परत आली ती एकट्या जोडीदाराला घेऊन. हा माणूस मुळातच अबोल. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे चिमट्यानं खिळा उपसायचा. त्या दिवशी तर त्याचे दात वाजत होते. धक्क्यावर जमलेल्यांना तो एवढंच म्हणाला, "पाण्यातून बाई वर आली. लेकराला छातीशी धरून. दादा म्हणाला, अरे, लेकरू आहे तिच्याजवळ! आणि बुटांसकट उडी मारली. परत वर आला नाही."

मोजकीच वाक्यं. पण बंदरावरच्या चहाच्या दुकानात त्यांना पाय फुटले. पाण्यातून वर येणारी बाई म्हणजे जलपरी, दुसरी कोण? लेकरू आहे म्हणजे याचंच असणार, म्हणजे भानगड जुनी. आणि बूट काढायलासुद्धा धीर निघाला नाही, बघा! प्रेत काही सापडलं नाही, त्यामुळे गोष्ट आणखीच पक्की झाली. मेला असता तर लाटांनी आणून टाकला नसता का? खाली संसार थाटून बसलाय लेकाचा.

जोडीदारानं दोनचारदा सांगायचा प्रयत्न केला. तो तोंड उघडायचा आणि लोक आधीच हसायला लागायचे. मग त्यानं ते उघडणंच सोडलं.

वहिनीला हे पहिल्यांदा नळावर कळलं. सांगणारीच्या डोक्यावर तिनं भरलेली बादली रिकामी केली आणि घरी आली. पण रोज कुणाकुणावर बादल्या ओतणार? जाळी सांधायला तर त्याच लोकांत बसायचं होतं. मग तिनं दुसरा मार्ग धरला. लोकांनी हसण्याआधी आपणच हसायचं. "सवत असावी तर माझ्या सवतीसारखी," ती म्हणायची, "ना भांडायला येते, ना वाटा मागते." कुणी विचारलं, वहिनी, दादांची काही खबरबात? की ही म्हणायची, "मजेत असेल. ती मिठात मुरलेली, मी उन्हात वाळलेली. माणूस चवीकडेच जाणार ना!" लोक पोट धरून हसायचे आणि तिची वाट सोडायचे.

पण नवरा गेल्यापासून ती समुद्रात पाऊलभरसुद्धा उतरली नव्हती. हातपाय धुवायचे तेही नळाखाली. आणि तिची जाळी! तिच्यासारखी गाठ बंदरावर कुणाला जमायची नाही. प्रत्येक गाठीला ती एक जादा वेढा द्यायची, दातानं करकचून ओढायची. मालक खूश. कुणालाच माहीत नव्हतं, की गाठ आवळताना ती मनातल्या मनात म्हणायची, ये बाई, एकदा ये माझ्या हातात.

मुलीला ही थट्टा झेपली नाही. शाळेत पोरं तिला 'माशाची सावत्र पोर' म्हणायची. शिकली, लांबच्या शहरात दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिथलीच झाली. आईशी फोनवर सगळं बोलायची, पण बापाचा विषय निघाला की म्हणायची, "आई, मला वडील नव्हतेच असं समज. ती गोष्ट मला नको."

अशी वर्षं गेली. वहिनीचे केस पिकले, चष्मा लागला.

एके दिवशी सकाळी ती नुकती खोक्यावर बसली होती, तेवढ्यात वाळूकडून आरडाओरडा ऐकू आला. एका बोटीनं गवताळ खाडीत जाळं रात्रभर लावून ठेवलं होतं. सकाळी ओढायला गेले तर वर येईना, शेवटी बोटीमागे फरफटत किनाऱ्याला आणलं. कुणीतरी धापा टाकत धक्क्यावर आला आणि ओरडला, "वहिनी, चला! तुमची सवत सापडली!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. वहिनी सवयीनं हसली. "बरं झालं बाई, आता तरी तोंड दाखवलंस!" असं म्हणून हातातली सुई तशीच घेऊन उठली. आजवरच्या सगळ्या शिव्या तिच्या जिभेवर गोळा झाल्या होत्या.

गर्दीनं वाट दिली. वाळूत एक करडं, गुळगुळीत, होडीच्या पोटाएवढं धूड मरून पडलं होतं. शेपूट खरंच माशासारखं, दुभंगलेलं. तोंड चपटं, वरच्या ओठावर राठ केस, डोळे बटणाएवढे.

"हीच का परी?" कुणीतरी म्हणालं. "हिच्यापेक्षा आपल्या वहिनी लाखपट बऱ्या!"

हशा पिकला. वहिनी हसली नाही. तिची नजर त्या प्राण्याच्या मानेवर गेली होती. जाळं मानेभोवती आणि पुढच्या वल्ह्यासारख्या हाताभोवती इतकं घट्ट बसलं होतं की कातडीत रुतलं होतं. आणि गाठी तिच्या होत्या, जादा वेढ्याच्या. हजार गाठींत तिनं त्या ओळखल्या असत्या.

ती गुडघ्यावर बसली. तो वल्ह्यासारखा हात तिनं जरासा उचलला, आणि झटका बसावा तशी मागे झाली. हाताखाली, काखेच्या जवळ, बाईला असतो तसा स्तन होता. त्यातून दूध ओघळून वाळूत पांढरा डाग पडला होता.

"अगं आई गं!" मागची एक बाई पुटपुटली. हसणं एकदम थांबलं.

तेवढ्यात उथळ पाण्यात खळबळ झाली. एक पिल्लू, कुत्र्याएवढं असेल, लाटेबरोबर वाळूला धडकत होतं, मागे सरत होतं, पुन्हा धडकत होतं. आईपर्यंत पोचायची त्याची धडपड चालली होती. मध्येच ते चिमणीसारखं बारीक चिवचिवायचं. एवढ्या अंगातून एवढासा आवाज.

गर्दीच्या मागून जोडीदार आला. तोही आता म्हातारा, काठी टेकत चालणारा. त्यानं त्या धुडाकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं, आणि मट्‌कन वाळूत बसला.

"हीच," तो म्हणाला.

"काय हीच, भावजी?" वहिनीनं विचारलं.

"अशीच वर आली होती. अर्धी पाण्याबाहेर. समोर ऊन, डोळ्यांवर तिरीप. पोराला असं कवेत..." त्यानं दोन्ही हात छातीशी घेतले. "मला बाईच दिसली, वहिनी. केससुद्धा दिसले. गवत असेल डोक्यावर."

मग वहिनीनं असा प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता. तिनंही नाही.

"लेकरू आहे, असं तो म्हणाला ना? कसा म्हणाला?"

"कसा म्हणजे?"

"हसून म्हणाला? खूश होऊन?"

"हसून?" म्हाताऱ्याला प्रश्नच कळेना. "ओरडला तो! विहिरीत कुणी पडलं की माणूस ओरडतो ना, तसा. ती वर यायची, खाली जायची, वर यायची, खाली जायची. बुडतेच आहे असं वाटलं आम्हाला."

वहिनीच्या हातातून सुई गळून पडली. तो कुणाच्या मोहानं गेलाच नव्हता. घरी बायको लेकराला पाजत बसलेली सोडून आलेला माणूस, त्याला समोर एक बाई लेकरासकट बुडताना दिसली. बूट कोण काढत बसेल? रबरी बूट, गुडघ्यापर्यंतचे. पाणी भरलं की दगड होतात. हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं, पण कुणी त्याचा विचारच केला नव्हता. सगळ्यांना बुटांचा विनोदच जास्त आवडला होता.

ती उठली आणि चपलेसकट, साडीसकट सरळ पाण्यात शिरली. बायका हाका मारत राहिल्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं ते पिल्लू दोन्ही हातांनी धरलं. ते धडपडलं, मग तिच्या काखेत तोंड खुपसून चाचपायला लागलं. तिथं काही मिळेना. तरी चाचपत राहिलं. वहिनी तशीच उभी राहिली, हुंदका नाही की शब्द नाही. तिला तसं गप्प उभं राहिलेलं पाहून लोक जास्तच घाबरले.

कुणीतरी फोन केला होता. दुपारी समुद्री प्राण्यांची डॉक्टरीण गाडी घेऊन आली. तरुण पोर होती, ती आधी मेलेल्या मादीजवळ गुडघ्यावर बसली.

"हिला समुद्रगाय म्हणतात," ती म्हणाली. "तळाचं गवत खाते. पूर्वीच्या खलाशांनी हिला लांबून पाहिलं, आणि बऱ्याच ठिकाणच्या जलपरीच्या गोष्टी तिथूनच निघाल्या असाव्यात असं म्हणतात."

"मेली कशानं?" वहिनीनं पाण्यातूनच विचारलं.

"बुडून."

"मासा पाण्यात बुडतो?"

"मासा नाही हो ती. तुमच्याआमच्यासारखी हवेत श्वास घेते. थोड्या थोड्या वेळानं वर यावं लागतं. जाळ्यानं तिला खाली धरून ठेवलं."

वहिनी म्हणाली, "गाठ माझी आहे."

बोटीचा मालक खाली बघत राहिला. पिल्लाला ओल्या कापडात गुंडाळून गाडीतल्या टाकीत ठेवलं. डॉक्टरिणीच्या दवाखान्यात त्याला बाटलीनं दूध पाजलं, पण ते जगलं नाही. आठवडा काही त्यानं काढला नाही. कळवायला डॉक्टरीण स्वतः आली होती.

त्याआधीच, मादी सापडली त्याच दिवशी, ओल्या साडीनं वहिनीनं मुलीला फोन लावला. विषय निघताच मुलगी म्हणाली, "आई, नको." वहिनी म्हणाली, "आज ऐकायचं. नंतर हवं तर बोलू नकोस माझ्याशी." आणि तिनं सगळं सांगितलं, दुधाच्या डागासकट.

पलीकडून मुलीचा आवाज आला, लहान असतानासारखा. "म्हणजे बाबा वाचवायला गेले होते?"

"हो."

"आणि हे सगळे हसत होते?"

"मी पण हसले गं," वहिनी म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले." आणि तिथं तिचा बांध फुटला.

पुढच्या दिवसांत तिनं एक गोष्ट केली. गवताळ खाडीत ज्याचं जाळं लागेल त्याचं जाळं आपण सांधणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. बाकीच्या बायकांनाही तिनं आपल्या बाजूला वळवलं. मालकांनी कुरकुर केली, एकानं तर "परीचा पुळका आला वाटतं," असा टोमणा मारला. पण त्यावर कुणी हसलं नाही, तेव्हा तो आपोआप गप्प झाला. चोरून लावणारे आजही लावतात. पण कमी.

आणि मुलगी आली. कितीतरी वर्षांनी आली. घरी पिशवी ठेवली आणि आईला घेऊन थेट चहाच्या दुकानात गेली. भर गिऱ्हाइकात तिनं जोडीदाराला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "काका, आता सांगा. पहिल्यापासून. कुणी मध्ये बोलणार नाही."

म्हातारा सांगायला लागला. सगळे ऐकत होते. बाई वर आली, लेकरू दिसलं, उडी मारली, इथवर सगळ्यांना पाठ होतं. नेहमी इथंच लोक हसायचे, त्यामुळे याच्या पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं. वहिनीनंही नाही.

"उडी मारताना तो मला म्हणाला," म्हातारा सांगत होता, "तू लेकराला वर घे, मी तिला धरतो."

दुकानदाराचा हात किटलीवर तसाच राहिला. मुलीनं आईचं मनगट घट्ट धरलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? मी होडीच्या काठावर ओणवा झालो. हात पुढे करून बसलो," म्हातारा म्हणाला. "खूप वेळ बसलो होतो."