डिसेंबरचा मांडव

दरवर्षी डिसेंबरात मेडशीला मी तपासणी शिबिर घ्यायची. मांडव, भोंगा, लाल फितीचं बॅनर, चहा. एचआयव्हीची समुपदेशक म्हणून मला त्या थाटाचा भारी अभिमान होता. एका शिबिराचा फोटो तर मी फ्रेम करून टेबलावर ठेवला होता.

मग एका फाल्गुनात ऊसतोडीहून परतलेली एक बाई दवाखान्यात आली. सातवा महिना, आणि तपासणी पहिल्यांदाच. रिपोर्ट पॉझिटिव्ह निघाला. गोळ्या लगेच सुरू केल्या, पण उशीर झालाच होता, आणि पोटातल्या बाळाच्या काळजीनं माझं डोकं फिरलं. दरवर्षी तुमच्या दारात येते, तेव्हा असता कुठं, म्हणून मी तिला चांगलंच झापलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमी डिसेंबरात येता, मॅडम. आमी तं दिवाळी झाली का उसावर जातो."

इतकी वर्षं मी अर्ध्या रिकाम्या गावात भोंगा वाजवत होते, आणि वर तिच्यावरच डाफरत होते! लाज वाटली. मी माफी मागितली.

त्याच महिन्यात पुढच्या वर्षीच्या खर्चाची बैठक होती. पैसा एकालाच पुरणार होता: डिसेंबरचं शिबिर, नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी वस्त्यांवर फिरायला गाडी. खर्च मंजूर करणाऱ्या साहेबांचा कल शिबिराकडे. मी माझी लाडकी फ्रेम नेऊन त्यांच्यापुढे आपटलीच. "यात एक तरी गरोदर बाई दाखवा, साहेब." पुढच्या रांगेत म्हातारे, मागं शाळेची पोरं. त्यांनी फोटो निरखला आणि आपल्या हातानं यादीतला मांडव खोडला. त्यांचेही उपकारच म्हणायचे.

त्या बाईला मुलगी झाली. औषध चालू होतं, तरी बाळाला लागण नाही हे पक्कं ठरवणारी दीड वर्षाची शेवटची तपासणी होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पुढच्या वर्षी दिवाळी सरली तशी आमची गाडी तिच्या वस्तीवर पोचली, तेव्हा तो रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. टोळीचा ट्रक भरून उभा होता. तिला बाजूला नेऊन सांगितलं, लेक निरोगी आहे. तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि रडले मात्र आधी मीच.

वस्तीत तिच्या आजाराबद्दल कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, ट्रकात चढत असलेल्या गरोदर जावेला हाताला धरून खाली उतरवलं आणि माझ्यासमोर आणलं.

"आधी हिचं रक्त घ्या, मॅडम. मंग जाऊ आमी."