काकांच्या रेल्वेवरच्या माझ्या हरकती

रेल्वे रुळांवरून धावते असा ज्यांचा समज आहे, त्यांनी आमचे घरमालक काका पाहिलेले नाहीत. त्यांची रेल्वे कित्येक वर्षं नुसती कागदावर धावत होती. मी कन्नड तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून कॉलेजसाठी औरंगाबादला आलो आणि पदमपुऱ्यात त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहू लागलो, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बराच काळ झाला होता. जन्मभर त्यांनी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीच्या वेळी पुण्याच्या मुलीनं त्यांना एक छोटी आगगाडी भेट दिली. एक इंजिन, तीन डबे आणि पेटीभर रूळ. काकांचं आजोळ बार्शीकडचं, आणि लहानपणी ते तिथं ज्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं जायचे, तिचीच ही हुबेहूब लहान प्रत होती. दुसऱ्या कुणी त्याच संध्याकाळी ती फरशीवर फिरवून पाहिली असती. काकांनी ती पुन्हा कापडात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, "आधी आखणी."

ती आखणी म्हणजे काय प्रकार होता, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या खोलीच्या फरशीवर कायम खडूच्या रेघा असायच्या आणि पाहुण्यांनाही त्या ओलांडूनच आत यावं लागायचं. रेघ पुसली गेली तर काका रागावत नसत, फक्त गुडघे टेकून सगळी मोजणी पहिल्यापासून करत, आणि ते बघणं रागावण्यापेक्षा जड जायचं. काकूंनी पोळ्या लाटताना हातातलं लाटणं ठेवून पट्टीचं एक टोक धरून उभं राहायचं, हे तर ठरलेलंच. वळणं काढायला काका स्वयंपाकघरातली भांडी वापरायचे, त्यामुळं वळणांची नावंही तशीच पडली होती. परातीचं वळण ऐसपैस, ताटाचं वळण बेताचं आणि वाटीचं वळण धोक्याचं. मोठी गाडी परातीशिवाय वळत नाही, छोटी गाडी ताटात वळते, म्हणून डोंगरातून फक्त तीच जाऊ शकते, असं ते मला समजावून सांगत. अशा वेळी जेवण वाढायचं थांबलेलं असे, कारण ताट आखणीत असे.

रूळ गोल टाकायला मात्र त्यांचा ठाम विरोध होता. मी एकदा भीत भीत म्हणालो होतो की गोल टाकले तर एका खोलीत मावेल. त्यावर ते म्हणाले, "गोल फिरती ती जत्रंतली. खरी गाडी एका गावाहून निघती आणि दुसऱ्या गावाला पोचती." आता एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचायचं तर जागा लागणारच. म्हणून त्यांचा मार्ग पुढच्या खोलीतून निघायचा, ताटाच्या वळणानं स्वयंपाकघरात शिरायचा, तिथल्या फडताळावरून घाट चढायचा, आणि मग भिंतीला भोक पाडून माझ्या खोलीत उतरायचा. माझी खोली हे त्या मार्गावरचं अखेरचं स्टेशन होतं.

काका मोजणी खात्यातले असल्यामुळं सगळं रीतसर चालायचं. मार्ग बदलला की स्वयंपाकघराच्या दारावर नोटीस लागायची. मार्ग कुठून जाणार आणि कुणाची काय जागा लागणार ते तिच्यात लिहिलेलं असे, आणि हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी, असं शेवटी असे. घरात माणसं तीन, पण मुदत एक दिवसानंही कमी होत नसे. काकूंनी फडताळावरच्या डब्यांसाठी हरकत दिली, तेव्हा काकांनी त्यांना समोर बसवून रीतसर सुनावणी घेतली आणि निकाल त्यांच्या बाजूनं दिला.

मला मात्र त्या नोटिशीची भीती वाटायची. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. ही खोली कॉलेजला पायी जाण्यासारखी होती. ती गेली असती तर दुसरी इतक्या कमी भाड्यात मिळाली नसती, रोज कन्नडहून एसटीनं ये-जा करणं जमलं नसतं, आणि घरचे म्हणाले असते, शिकलास तेवढं पुरं झालं. तोंडानं काही बोलायचं धाडस नव्हतं. म्हणून मी हरकती द्यायला लागलो. पहिली खरी होती. घाटाचा चढ फार होतोय, असं मी लिहिलं, आणि काकांनी ती मान्य करून नकाशा नव्यानं काढला. त्यात दोन महिने गेले. मग मला उपाय सापडला. मुदत संपत आली की मी एक हरकत द्यायचो. पूल ठेंगणा आहे. इंजिनात पाणी भरायची टाकी लांब आहे. काका प्रत्येक हरकतीला न्याय द्यायचे, आणि माझी खोली आणखी काही महिने वाचायची. अशी दोन वर्षं गेली. मला वाईट वाटायचं, पण झोप लागायची.

शेवटच्या वर्षी, परीक्षेला काही महिने असताना, एका सकाळी काका स्वतःच नोटीस घेऊन खोलीत आले. म्हणाले, सगळ्या हरकती निकाली निघाल्या, आता तुझी संमती पायजे. मी पेन हातात धरून विचारलं, "काका, दुसरी खोली बघायला किती दिवस मिळतील?"

"दुसरी कशाला?"

"इथं स्टेशन होणार ना."

"व्हय. मग स्टेशनावर मास्तर नको का?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. अखेरच्या स्टेशनाशेजारी एक लांबट चौकोन होता. मी तो दोन वर्षं मालाचं गोदाम समजत होतो. ती माझी खाट होती. खाली बारीक अक्षरात 'मास्तरची जागा' असं लिहिलेलं होतं, आणि ते पहिल्या नकाशापासून होतं. मी प्रत्येक नकाशा पाहिला होता, पण फक्त चूक शोधायला.

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. काका खाटेवर बसले आणि त्यांनी नकाशा मांडीवर घेतला.

"चढाची हरकत?"

"ती खरी होती."

"टाकीची?"

"ती खोटी, काका."

"मी टाकी दोनदा हलवली रे," ते म्हणाले. आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "म्हणजे माझं ताट दोन वर्षं या पोरापायी अडकलं म्हणा की."

काका हसले तेव्हा कुठं मी नोटिशीवर सही केली. त्यांनी काम माझ्या बाजूनं सुरू केलं, मास्तरच्या परीक्षेआधी निदान स्टेशन तरी व्हावं म्हणून. भिंतीला भोक पडलं, माझ्या खाटेपर्यंत रूळ आले. पण पलीकडच्या घाटावर काकूंची डब्यांबद्दलची नवी हरकत होती, आणि तिची सुनावणी झाल्याशिवाय पुढं जाणं काकांना मंजूर नव्हतं. ती सुनावणी संपायच्या आधीच माझा निकाल लागला आणि नाशिकला नोकरी मिळाली.

निघायच्या दिवशी मी पाया पडायला गेलो, तर काका कपाट उघडून उभे होते. म्हणाले, "गाडी यायच्या आधीच मास्तरची बदली. असं कुठं असतंय का? जा, तुझ्या जागेवर बस." मी पिशवी घेऊनच खाटेवर बसलो. पलीकडं काय चाललं होतं ते काकूंच्या बोलण्यावरून कळत होतं. काका इंजिन हातात धरून, पुढच्या खोलीतून, खडूच्या रेघेवरून चालत निघाले होते. ताटाच्या वळणावर ते सावकाश वळले. अहो, जरा बेतानं, गुडघा दुखेल, असं काकू म्हणाल्या. घाटात ते फार हळू झाले, कारण चढ होता. मग भोकातून त्यांचा हात आला आणि त्यानं इंजिन माझ्या बाजूच्या रुळांवर नीट ठेवलं. मी इंजिनावरचं बटण दाबलं. हातभर रूळ होते, इंजिन ते चालून आलं आणि माझ्या पायाशी थांबलं.

"पोचली का?" काकांनी भिंतीपलीकडून विचारलं.

दोन वर्षं मी तिला अडवून धरलं नसतं, तर ती घाट चढून आपल्या चाकांवर आली असती.

"पोचली, काका."

मधे भिंत होती. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता आणि मला त्यांचा. एसटीची वेळ झाली होती, तरी मी मास्तरच्या जागेवर बसून राहिलो.