भरल्या गालांची गौर

चाकणात गौरी यायच्या त्या छबूबाई कुंभारणीच्या हातून. तिच्या मुखवट्यांचे गाल असे भरलेले, की सासरी सुखात असलेली लेकच माहेरी आली म्हणावं. खंगलेली गौर कोण घरात घेईल? पण सगळ्या गौरी एकाच तोंडावळ्याच्या का, हे कुणी विचारलं नाही. तो तोंडावळा तिच्या मंजुळेचा होता. पोर मुदतीच्या तापानं गेली. घरात फोटो कुठला असायला! आईनं तिला मातीत धरून ठेवलं होतं, धडधाकट होती तशी.

चौपन्न साली भुईकोटाच्या खंदकात एका तरुण बाईची जुनी हाडं निघाली. पुण्याच्या कॉलेजातले डॉक्टर उद्धवराव तिच्या कवटीची प्लास्टरची नक्कल घेऊन छबूबाईच्या अंगणात आले. नकलेवर जागोजागी बारक्या काड्या उभ्या केलेल्या.

"हिचं तोंड घडवायचंय," ते म्हणाले. "काडीच्या टोकापर्यंतच माती भरायची. अंगावर मांस तेवढंच होतं. मग बाई होती तशी दिसेल."

"मेल्याचं तोंड करून कुणाचं भलं झालंय व्हय?" जाऊबाई गोजाबाई करवादली. छबूबाई ऐकते कसली! कुणाची तरी लेक बिनतोंडाची पडली होती, तिला राहवेना.

हात मात्र सवयीचे गुलाम. काम उरकलं तेव्हा समोर मंजुळा हसत होती.

उद्धवरावांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, काड्या बुडाल्या की! हे गौरीचे गाल झाले. माती उतरवा."

"ऱ्हाऊ द्या की डाक्टर. चांगली दिसतीया."

"चांगली नको, खरी हवी. हाडं सांगतात, बाई खंगून गेली. म्हणून तर काड्या आखूड लावल्यात."

छबूबाईनं कोरणी घेतली. गाल बसले, डोळे खोल गेले, ओठ दातांना चिकटले. काडीची टोकं लवकर दिसेनात, म्हणून ती दिसेपर्यंत छबूबाई तासतच राहिली. आणि शेवटी जी मंजुळा दिसली, ती तिला कधीच बघायची नव्हती. तापात वैद्यानं लंघन सांगितलं होतं. पोर भाकरीचा तुकडा मागत राहिली, आणि आईनं दिला नाही.

"आता बरोबर!" उद्धवराव खुशीत म्हणाले, आणि मुखवटा घेऊन गेले.

भाद्रपद आला. बायका दारात येऊन विनवू लागल्या. छबूबाई मातीपुढं बसली, उठली, पुन्हा बसली. हाताखाली येई ती तीच, भाकरी मागणारी. लेकीचं दुसरं तोंड आता तिच्याजवळ उरलंच नव्हतं.