शेडमागची नारिंगी

कुंडी कुठे ठेवू, असं मारिनुसकाकानं विचारलं आणि मी म्हणालो, "क्रॉसच्या पायाशी ठेव. अगदी पुढ्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे."

माझा गुन्हा एवढाच. कुंडीत नारिंगी लिली होत्या, सहा उमललेल्या आणि दोन कळ्या. दफनभूमी आमची, मोनाहनमधली, ब्रिटिश मुलखाच्या सीमेपासून तीन मैलांवर. महिना जुलै. आता हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तर मजा येणार होती.

आमच्याकडच्या आयरिश कॅथलिक घरात नारिंगी रंग उंबरा ओलांडत नाही. तीनशे वर्षांपूर्वी हॉलंडहून आलेल्या विल्यम राजानं आम्हाला लढाईत चोपलं. त्याचं घराणं नारिंगी. त्याची आठवण म्हणून सीमेपलीकडचे प्रोटेस्टंट दर बारा जुलैला नारिंगी पट्टे गळ्यात घालतात, छातीवर लिली खोचतात आणि ढोल बडवत आमच्या लोकांच्या दारांवरून जातात. आमच्या झेंड्याचा तिसरा पट्टासुद्धा नारिंगीच आहे, पण माझे फेलिममामा त्याला मरेपर्यंत 'सोनेरी'च म्हणणार. गाजर तेवढं ते खातात. ते जमिनीखाली वाढतं, वर कुणाचं राज्य आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीनं, माझ्या डिम्फनामावशीनं, लग्न केलं ते हॉलंडच्या माणसाशी.

मारिनुस क्लोस्टरमन छप्पन साली आला तो चर खणायचं यंत्र घेऊन. आमचा मुलूख म्हणजे टेकडी, चिखल, टेकडी, चिखल. इथे गाय रुतली की चार शेजारी आणि एक पाद्री लागतो. काका समुद्रसपाटीच्या खालच्या गावात वाढलेला. पाण्याला कुठे जायचंय हे त्याला नुसतं उभं राहून कळायचं. बूट चिखलात दाबायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "इथून." तिथून खणलं की पुढच्या वर्षी त्या शेतात बार्ली. बोलायचा कमी, कारण आमची बोली त्याला दहा वर्षं कळली नाही आणि नंतर कळली तेव्हा त्यात फारसं काही नाही असं त्याच्या लक्षात आलं. दफनभूमीतसुद्धा पूर्वी खड्डा खणला की पाणी भरायचं; पेट्या तरंगायच्या, असं आई सांगते. काकानं एका हिवाळ्यात भोवतीनं चर काढले. तेव्हापासून आमचे मेलेले लोक जिवंतांपेक्षा कोरडे असतात.

लग्नाच्या दिवशी फेलिममामा चर्चच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आत आले नाहीत, निघूनही गेले नाहीत. पुढे दर गुरुवारी ते आणि काका पत्ते खेळायला लागले. चाळीस वर्षं खेळले. मामा चिडवायचे, "तुझ्या राजानं आमचं वाटोळं केलं रे." काका पत्ता टाकत म्हणायचा, "माझ्या आईनं त्याला कधी जेवायला बोलावलं नव्हतं."

लिलीचे कंद काकाला त्याच्या आईनं लग्नाला पाठवले होते. त्यानं ते हौसेनं रस्त्याकडेच्या कुंपणापाशी लावले. जुलैत पहिलं फूल उमललं त्या सकाळी मावशी प्रार्थनेला जायच्या आधी, चांगल्या कपड्यांनिशी, गुडघ्यावर बसली आणि तिनं सगळे कंद उपटून जळणाचं पीट ठेवायच्या शेडमागे नेऊन लावले. इथे राहू देत, म्हणाली, पण रस्त्यावरून दिसता कामा नयेत.

शेडमागे दोन खुर्च्या होत्या. जुलैभर ती दोघं तिथे चहा प्यायची. लहानपणी मलाही तिथे नेलं होतं, तोंड बंद ठेवायची शपथ घालून. तिथेच काकानं मला सांगितलं की युद्धात जर्मनांनी त्यांच्या गावात नारिंगी रंगावर बंदी घातली होती. राणी परदेशात पळालेली, तिचा रंग अंगावर दिसला की तुरुंग. काकाचा थोरला भाऊ वाउटर, त्याला कारखान्यात राबवायला धरून नेलं, तो परत आलाच नाही. गाव मोकळं झालं त्या दिवशी त्याच्या आईनं पिठाच्या डब्याच्या तळातून नारिंगी फीत काढली, सगळ्या पोरांच्या छातीला एकेक तुकडा टाचला आणि उरलेला तुकडा वाउटरच्या खुर्चीला बांधला. "जो नाही त्याला आधी," असं ती म्हणाली होती.

मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती. कबरींच्या रविवारी आमच्याकडे सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी घासूनपुसून, फुलं लावून उभं राहतं आणि पाद्री पवित्र पाणी शिंपडत फिरतो. आदल्या संध्याकाळी काकानं मला दफनभूमीवर बोलावलं. कुंडी हातात होती. आधी त्यानं जागा विचारली नाही. आधी विचारलं, "फिंटन, तू इथला आहेस. खरं सांग. आता दोन्हीकडच्यांचा करार झालाय, शांतता आहे म्हणतात. तिच्याजवळ ठेवली तर कुणाला वाईट वाटेल का?"

त्या आठवड्यात फेलिममामांनी दुकानाच्या काउंटरवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की आमचा फिंटन गाडीच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला, कारण एका कोंबडीला रस्ता ओलांडू द्यायला तो थांबला आणि कोंबडी काही ओलांडेना. दुकान हसलं. मी आतल्या आत शिजत होतो. मामांचं तोंड त्या फुलांसमोर कसं होईल, ते मला डोळ्यांपुढे दिसलं.

"आता कोण मनावर घेतंय, काका," मी म्हणालो. मग ते क्रॉसच्या पायाशी ठेवायचं वाक्य.

एक गोष्ट मी विसरलो होतो असंही नाही, नुसती बाजूला सारली होती. त्या कबरीत एकच जागा उरली होती, मावशीशेजारची, आणि कबरीचा कागद मामांच्या नावावर होता. एकाहत्तर वर्षांच्या काकाचं हृदय थकलं होतं. डॉक्टरनं सांगितल्यावर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मामांकडे काही मागितलं, ती जागा. मामा म्हणाले होते, कबरींच्या रविवारी सगळ्यांसमोर पाद्रीबाबांच्या हातात सही केलेली चिठ्ठी देतो.

रविवारी मामा आले तेव्हा कोटाच्या वरच्या खिशातून पाकिटाचं टोक डोकावत होतं. मी आईच्या मागे उभा होतो, हसू दाबत. मामांनी टोपी काढली, मान खाली केली आणि त्यांना फुलं दिसली. मी कल्पिलं होतं तसं तोंड झालंच नाही. ते लाल झाले नाहीत, ओरडले नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला कुणीतरी थोबाडीत मारावी तसे दिसले.

"कुणी ठेवली?" त्यांनी विचारलं.

"मी," काका म्हणाला.

"तुला कळत नाही असं नाही."

काकानं माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर. मग म्हणाला, "चूक माझी, फेलिम." आणि वाकून स्वतःच कुंडी उचलली. मामांनी पाकीट खिशात खोल ढकललं, टोपी घातली आणि कबरींमधून वाट काढत निघून गेले. लाउडस्पीकरवर जपमाळ सुरू झाली. मी तोंड उघडलं नाही. प्रार्थनेसाठीसुद्धा नाही.

गुरुवारी पत्ते झाले नाहीत. पुढच्याही नाहीत. मामांनी पाद्रीबाबांना कळवलं की जागेचा विषय संपला. काका शहराकडच्या नव्या दफनभूमीत चौकशी करून आला, असं आईनं सांगितलं. तिथे ओल फार आहे, म्हणाला म्हणे. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं उलट मलाच समजावलं. "तुझा काय दोष? तू लहान आहेस, जुन्या गोष्टी तुला कुठून ठाऊक? मी चाळीस वर्षं राहून मला कळायला हवं होतं." त्यानं चहा ओतला. मी दोन बिस्किटं खाल्ली. माणूस इतका खाली गेला तरी बिस्किटं खातो.

ऑगस्टच्या शेवटी मी मामांकडे गेलो. ते स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: त्यानं मला विचारलं होतं, मी ठेव म्हणालो, मला सगळं माहीत होतं, मला तुमचं तोंड बघायचं होतं.

मामांनी सुरी खाली ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सतराव्या वर्षी ते सीमेपलीकडे एका कापड गिरणीत कामाला होते. जुलै आला की तिथले प्रोटेस्टंट कामगार मागांना लिली बांधायचे. मामांच्या मागालाही बांधली. त्यांनी ती सोडून हळूच खिडकीत ठेवली, तोडली नाही, फेकली नाही. जेवणाच्या सुट्टीत सहा जणांनी त्यांना धरून ती तोंडात कोंबली, देठासकट, आणि कालव्यात ढकललं. ते ओल्या कपड्यांनी चालत सीमा ओलांडून घरी आले. दार डिम्फनानं उघडलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. "तिनं माझे दात पुसले," मामा म्हणाले. "तिच्या उशाशी ते फूल बघितलं आणि मला वाटलं, तीसुद्धा विसरली."

"ती विसरली नव्हती मामा," मी म्हणालो. मग शेडमागच्या खुर्च्या सांगितल्या. मावशीनं चांगल्या कपड्यांत कंद उपटले ते, वाउटरच्या खुर्चीची फीत, रस्त्यावरून दिसता कामा नयेत हे. मामा ऐकत राहिले. बटाट्याचं पाणी गढूळ झालं होतं, त्यात बोट फिरवत होते.

"चाळीस वर्षं मी त्या घरात जातोय," शेवटी ते म्हणाले. "शेडच्या मागे कधी गेलो नाही."

उठून त्यांनी कपाटातून ते पाकीट काढलं. फाडलेलं नव्हतं. माझ्यापुढे धरलं, पण सोडलं नाही.

"फुलं तिथे नकोत. मी असेतो नकोत, एवढं त्याला सांग. आणि दुसरं. तो अजून तुला वाचवतोय. तू काय केलंस ते त्याला तुझ्या तोंडानं सांगायचं. ते सांगितलंस की हे दे. आधी नाही."

मी हो म्हणालो. पाकीट सुटलं.

काका दारातच बसला होता, मोज्याला रफू करत. मी पाकीट हातात दिलं. त्यानं चष्मा शोधला, चिठ्ठी वाचली, परत वाचली, घडी केली आणि मोज्यासकट छातीशी धरून बसला. म्हणाला, "म्हणजे मी तिच्याजवळच." मी म्हणालो, फक्त फुलं नकोत, मामांसाठी. त्यानं मान हलवली. फुलांचं काय, म्हणाला, ती शेडमागेच बरी असतात. मग मला शेजारी बसायला जागा केली आणि म्हणाला, "तू गेला होतास ना त्याच्याकडे? माझ्यासाठी बोललास. डिम्फना म्हणायची, हा पोरगा चांगला निघेल."

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. वाटेत तीनदा घोकलं होतं.

"फेलिम आणखी काही म्हणाला का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

गुरुवारचे पत्ते पुन्हा सुरू झालेत. मामा पानं पिसतात आणि माझ्याकडे बघतात, सांगितलंस का, असं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.