कूलरमधली घोरपड

त्या उन्हाळ्यात मी देवाशी बोलणं टाकलं होतं. आदल्या हिवाळ्यात साताऱ्याहून आई अत्यवस्थ असल्याची तार आली होती. मी देव पाण्यात ठेवले, दत्ताच्या तसबिरीसमोर डोकं टेकून नवस बोलले आणि तीन वर्षांच्या मनूला कडेवर घेऊन लखनौहून निघाले. झाशीला गाडी चुकली. पुढची मिळाली ती रखडत गेली. मी घरी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतून अंगणात पाय धूत होती. आईचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. परत आल्यावर मी गुरुवारचे उपास सोडले, देवघराकडे पाहणं सोडलं. सासूबाई पूजेला बसल्या की मी मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी आपटायची. त्या काही बोलत नसत, आणि त्यांच्या न बोलण्याचाही मला राग येई.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. आमचे हे आंब्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होते. मे-जून म्हणजे त्यांचा मलिहाबादच्या बागांमध्ये फिरण्याचा हंगाम. सकाळी जीपने जायचे ते दिवेलागणीला दशहरी आंब्यांची टोपली घेऊन हसतमुखाने यायचे. दिवसभर घरात आम्ही तिघी, मी, सासूबाई आणि मनू. इंदिरा नगरची वसाहत तेव्हा नवी होती. आमच्या गल्लीच्या टोकाला विटांचे ढीग, अर्धवट बांधलेल्या भिंती, आणि त्यापलीकडे सरळ शेतंच. दहा वाजले की लू सुरू व्हायची. ती हवा अंगाला लागली की तव्याजवळ तोंड नेल्यासारखं वाटे. दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि मागच्या खोलीतल्या कूलरपुढे पडून राहायचं, एवढाच उपाय.

तो कूलर लोखंडी पत्र्याचा होता, अमीनाबादेतून बनवून आणलेला. खिडकीला पाठ लावून खोलीतच उभा केलेला. तिन्ही बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, खाली पाण्याची टाकी, पुढे पंखा. टाकी थोडी गळायची, त्यामुळे त्याच्यापुढची फरशी कायम ओली. मनूला तो कूलर म्हणजे मोठा मित्र वाटायचा. दोन्ही तळवे पत्र्याला चिकटवून, जाळीजवळ तोंड नेऊन ती ‘आऽऽ’ करत राहायची आणि पंख्याने थरथरणारा स्वतःचाच आवाज ऐकून खिदळायची. दिवसातून कितीतरी वेळा हा खेळ चाले. मीही कधी अडवलं नाही.

मेअखेरीस मनूला ऊन बाधलं. ताप चढला की निपचित पडायची, उतरला की पुन्हा घरभर पळायची. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पाजत राहा आणि थंड खोलीतून हलवू नका. नेमकं त्याच दिवशी आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज गेली ती गेलीच. उद्यापर्यंत येईल असं कुणी म्हणे, कुणी म्हणे आठवडा लागेल. दुपारी नळाला थोडं पाणी आलं, तेव्हा वीज आली की कूलर भरलेला असावा म्हणून मी बादली घेऊन गेले. बाजूची ताटी काढून भिंतीला टेकवली. टाकीत काहीतरी हललं. आधी मला वाटलं, खसची मुळं निसटून पाण्यात पडली असतील. मग त्या मुळांनी मान वर केली. हातभर लांब, मातकट अंग, आणि दुभंगलेली जीभ आत-बाहेर करत ते माझ्याकडे बघत होतं.

बादली माझ्या हातून पडली. माझी किंकाळी ऐकून शेजारच्या मिश्रा भाभी भिंतीवरून डोकावल्या, मग आत आल्या, आणि दारातूनच पाहून दोन पावलं मागे सरल्या. “अरे, ये तो बिसखोपड़ा है, दीदी. फुफकार मार दे तो आदमी पानी नहीं माँगता.” पाच मिनिटांत मिश्राजी लाठी घेऊन हजर झाले. ते रेल्वेत कारकून होते, त्या आठवड्यात सुट्टीवर होते. त्यांच्या मागे गल्लीतले आणखी दोघे. मला हायसं वाटलं. आता हे संपेल आणि माझ्या मुलीला तिची खोली परत मिळेल.

तेवढ्यात सासूबाई उठून आल्या. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “अगं, ही घोरपड आहे. आमच्या पाटणला बांधावर कितीतरी असायच्या. विष-बिष काही नसतं हिला. उन्हाने हैराण होऊन पाण्याला आली बिचारी.” आणि खोलीच्या उंबऱ्यावर चक्क मांडी घालून बसल्या.

“अम्माजी, हटिए,” मिश्राजी म्हणाले. “बच्ची का घर है.”

“नहीं भैया,” सासूबाई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. “आज गुरुवार है. घर में पानी माँगने आया, उसको मारेगा नहीं. खिड़की खुला रखो, शाम को अपने आप जाएगा.”

मिश्राजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आई, उठा. मनूला ताप आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते ऐकलंत ना तुम्ही?”

“वीज तरी कुठे आहे? तिला पुढच्या खोलीत निजवू. मी वारा घालते रात्रभर हवं तर.”

“आणि वीज आली म्हणजे?”

“येईल तेव्हा बघू. दत्त महाराज आहेत.”

ते शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं तोंडावाटे बाहेर आलं, आणि तेही परक्या लोकांदेखत. मी म्हणाले, “माझी आई गेली तेव्हा कुठे होते तुमचे दत्त महाराज? तेव्हा त्यांना वेळ नव्हता. आता त्यांच्या पाहुण्याला थंडगार खोली, आणि माझ्या पोरीला भट्टी. छान न्याय आहे.” मराठी असल्यामुळे मिश्राजींना शब्द कळले नसतील, सूर मात्र कळला. ते अवघडून लाठी टेकत निघून गेले. सासूबाईंचे डोळे भरून आले, पण त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

ती संध्याकाळ मला आठवते ती नुसत्या रागाने भरलेली. हे घरी आले, सगळं ऐकलं, लांबून टॉर्च मारून पाहिलं आणि शास्त्रज्ञाला शोभेल अशा कौतुकाने म्हणाले, “आई बरोबर सांगतेय, निरुपद्रवी आहे. तिकडे शेताकडे जाईल आपोआप.” त्यांनी खोलीच्या दाराला कडी घातली आणि आंबे पाण्यात टाकले. मी त्या रात्री जेवले नाही. मनू तापाने कण्हत होती, सासूबाई पंख्याने वारा घालत होत्या, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. एक हात दमला की त्या दुसऱ्या हातात पंखा घेत. मी उठून त्यांच्या हातातून तो घेतला नाही, इतकी मी चिडलेली होते.

सकाळी हे पुन्हा बागेत गेले. मी दाराच्या फटीतून पाहिलं. घोरपड तिथेच, पाण्यात पोट टेकून. बाहेर लू पेटलेली असताना ती जाणार तरी कुठे? पण तेव्हा मला तिची कीव आली नाही. मनूचा ताप जरा उतरला होता आणि “कूलर में जाना है, आई, कूलर में,” असं तिने लावून धरलं होतं. आमच्या मनूला मराठी समजायचं, बोलायची मात्र हिंदीत. सासूबाई आंघोळीला गेल्या. मी कोपऱ्यातली मच्छरदाणीची लांब काठी घेतली, ठरवलं की आता हिला मीच बाहेर काढते, आणि कडी काढली.

मी दार पुरतं उघडलं असेल-नसेल, इतक्यात वीज आली. आदल्या दिवसापासून कूलरचं बटण तसंच चालू राहिलं होतं. पंखा घरघरला आणि मागून मनू ओरडली, “कूलर चल गया!” माझ्या हाताखालून ती आत सुटली. मी “मनू, थांब,” म्हणेपर्यंत ती अर्धी खोली ओलांडून गेली होती, दोन्ही हात पुढे करून, नेहमीसारखी. आणि त्याच क्षणी काढलेल्या ताटीच्या जागेतून ती घोरपड फुसफुसत बाहेर आली. मनू जागच्या जागी थिजली. कोरड्या फरशीवर, ओल्या फरशीपासून एका पावलावर. घोरपडीचे पुढचे पाय खाली ओल्या फरशीला लागले, मागचे अजून टाकीच्या काठावर होते, आणि ती तशीच ताठ झाली. सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं आणि थरथरत राहिलं. मला आधी काहीच समजलं नाही. मग जळाल्याचा वास आला आणि समजलं. मी मनूला मागून उचललं आणि ओरडत व्हरांड्यात धावले. आवाज ऐकून मिश्राजी भिंतीवरून उडी टाकून आले. “करंट, करंट,” एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी व्हरांड्यातलं मेन स्विच खाली ओढलं.

घोरपड मेली होती.

दुपारी बिजलीचा मिस्त्री आला. त्याने कूलर उघडला आणि टाकीतल्या पंपाला जोडलेली तार दाखवली. तिच्यावरचं रबर गळून तांबं पत्र्याला टेकलं होतं. हे नेमके त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी विचारलं, हे आधीचं की घोरपडीच्या नखांनी झालेलं? मिस्त्री म्हणाला, “तार गली हुई भी है साहब, और पंजे भी लगे हैं. अब पहले क्या हुआ, ये कौन बताए.” ह्यांचं मत पडलं की तिनेच तार ओरबाडली असावी. म्हणजे धोका तिनेच आणला आणि तिनेच झेलला. मी काही वाद घातला नाही. आजही घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ती तिथे नसती, तर मनू थांबली नसती.

मागच्या अंगणात पपईखाली काल लाठी घेऊन आलेल्या मिश्राजींनीच खड्डा खणला. सासूबाईंनी घोरपडीला आपल्या जुन्या धुवट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, वर तुळशीचं पान ठेवलं, तांब्याभर पाणी घातलं. मिश्रा भाभी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. “बच्ची की बला ले गई,” त्या हळूच म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मनात मात्र पुन्हा आग उसळली. सगळे गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, “तुम्ही म्हणालात पाणी मागायला आलेल्याला मारायचं नाही. तुम्ही तर नाही मारलंत. मग तुमच्या देवाने का मारलं? माझी मुलगी वाचवायची होती, तर तार दुरुस्त करता येत नव्हती त्याला? त्या मुक्या जिवाचा बळी कशाला?”

मला वाटलं, त्या कर्माचं, पूर्वजन्माचं काहीतरी सांगतील. त्यांनी मातीचे हात तसेच मांडीवर ठेवले आणि रडू लागल्या. “मला काय माहीत, बाई,” त्या म्हणाल्या. “मी तर तिला वाचवायला बसले होते गं. मनू वाचावी म्हणून थोडीच बसले होते. मनूचं मला काय ठाऊक होतं? मला काहीसुद्धा ठाऊक नव्हतं.”

इतके महिने ज्यांच्या शांतपणाचा मला राग येत होता, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. काही ठाऊक नसतानाच त्या रोज फुलं वाहत होत्या आणि उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी त्यांचे हात धुतले. कूलर उघडाच पडला होता; त्या रात्री हातपंखा मी घेतला. मनूचा ताप पहाटे निघाला.

पुढच्या गुरुवारी सासूबाई पूजेला बसल्या होत्या. मी आंघोळ करून देवघराच्या दाराशी जाऊन उभी राहिले. भक्ती दाटून आली, डोळे मिटले, प्रकाश दिसला, असं काही झालं नाही. आईसाठीचा राग तसाच होता, त्यात आता घोरपडीसाठीचाही मिळाला होता. आधी मला वाटायचं, हा राग निवेल तेव्हाच देवासमोर जाता येईल. त्या दिवशी कळलं, तो निवायची वाट पाहत बसले तर जन्म जाईल. तेव्हा तो घेऊनच गेले. तसबिरीकडे पाहून मी मोठ्याने म्हणाले, “तुमचं मला काही कळत नाही, आणि मी अजून रागावलेली आहे. पण मुलगी हातात दिलीत, ती मी घेतली. तेवढ्यासाठी आलेय.” आणि हात जोडले.

बाहेर मनू मिश्रा भाभींकडून मिळालेला बर्फाचा तुकडा चोखत अंगणभर फिरत होती. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त आपला पाट थोडा बाजूला सरकवला, आणि मी तिथे बसले.