पोचलेल्यांसाठी मागणं

आमच्या घरात पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन प्रती आहेत आणि त्यांची जाडी सारखी नाही. माझी बारीक, सासूबाईंची जाड. लग्नानंतर सामान लावताना मी दोन्ही एकाच फळीवर ठेवल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यात पानं कमी हायत. मेलेल्यांसाठी मागायचं ज्या पानांत लिवलंय, तीच तुमच्या लोकांनी काढली."

"माझे वडील म्हणतात, ती मुळात नव्हतीच. तुमच्या लोकांनी ठेवून घेतली."

"मास्तर म्हणतात म्हणजे असेल," त्या म्हणाल्या, आणि फळीचं उरलेलं टोक पुसायला लागल्या.

वडील मूळचे नगरकडचे, मिशनच्या शाळेत शिकून पुढे कल्याणात शिक्षक झालेले, पक्के प्रॉटेस्टंट. सासर ठाण्याचं कॅथलिक, खाडीकाठचं, मिठागरं आणि भातशेती बघितलेलं. सासूबाईंना सगळी आळी माय म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. दोन्हीकडे येशू एकच, क्रूस एकच, ख्रिसमसचा केकही साधारण एकच. फरक पडायचा तो माणूस गेल्यावर. आमच्यात माणूस विश्वासात गेला की प्रभूकडे पोचला. त्याच्यासाठी काही मागायचं उरत नाही, मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. त्यांच्यात बहुतेकांना आधी शुद्धीस्थानात थांबावं लागतं, आणि तिथून लवकर सुटका व्हावी म्हणून इथल्यांनी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे उपासना, लावायची, जपमाळेवर प्रार्थनेची माळ म्हणायची.

माय याला म्हणायच्या, "तुमची थेट गाडी. आमची कल्याणला थांबते."

पुष्कळ वर्षं हा विनोदच होता. त्यांचे गुडघे गेले आणि आम्ही कोलशेतला लिफ्टच्या इमारतीत राहायला आलो, त्यानंतर तो विनोद राहिला नाही.

मी कामाची माणूस आहे. गॅस, औषधं, सोसायटीची मीटिंग, कोणाचा वाढदिवस, सगळं फ्रिजवरच्या कागदावर असतं आणि झालं की त्यावर रेघ पडते. तरी ते वर्ष मला कामांनी आठवत नाही, दुपारींनी आठवतं. ऑफिसचं काम मी घरूनच करायचे. मायची खाट बाल्कनीच्या दाराशी ओढलेली असायची. समोर तिवरं, त्यांच्यामागे खाडी, आणि भरती-ओहोटीच्या मध्ये कधीतरी पाणी आणि आकाश यांतली रेघच पुसली जायची. सगळंच एका रंगाचं, ताकासारखं. माझा लॅपटॉप उघडा असायचा, आणि माय डोळे मिटून बोलायच्या. जाग आणि झोप यांच्यात त्या इतक्या सहज ये-जा करायच्या, की कधी कधी मलाच कळायचं नाही, मी ऐकलेलं त्या बोलल्या होत्या की मीच डुलकीत रचलं होतं.

त्यांना त्यांची मेलेली माणसं दिसायची. थोरली बहीण, दीर, नवरा. सगळे बांधावर बसलेले. कोणी दुःखात नाही, कोणी घाईत नाही. नुसते बसलेले, पाण्याकडे बघत.

"कुठला बांध, माय?"

"आमच्या मिठागराचा. दुसरा कुठला मना दिसणार?"

मग त्या सांगायच्या. खाडीचं पाणी आधी बांध घातलेल्या मोठ्या खणात घ्यायचे. ते गढूळ असायचं. तिथे उभं राहिलं की गाळ खाली बसायचा. मग पुढच्या उथळ खणात, मग त्याच्या पुढच्या. शेवटच्या खणात ते इतकं नितळ व्हायचं, की त्यात मुलींना आपले दात दिसायचे. मग मीठ.

"तसंच हाय ते शुद्धीस्थान," माय म्हणायच्या. "लोक सांगतात, आग हाय, जाळतात. पाण्याला कोण जाळतं? नुसतं उन्हात उभं करतात."

"मग होऊ दे की आपोआप."

"आपोआप नाय होत. एका खणातून दुसऱ्यात जायला बांध फोडून वाट द्यावी लागते. ती बाहेरच्या माणसाने द्यायची. पाण्याला आपलं आपण जाता येत नाय."

मी स्क्रीनकडे बघत राहिले. कुठलीशी एक्सेल उघडी होती, आणि तिच्या चौकटीही मला क्षणभर खणांसारख्याच वाटल्या.

अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं. आवाजात काही वेगळं नव्हतं.

"माझ्यामागे माझ्यासाठी मिस्सा तू लावशील ना?"

"तुमचा मुलगा आहे की."

"तो?" त्या डोळे मिटूनच हसल्या. "तो देवाला फक्त नाताळात भेटतो, तेही जेवणाआधी. तो विसरेल. तू विसरत नाय. तुझ्या कागदावर चढलेलं काम राहत नाय. माझं एवढं काम तुझ्या कागदावर चढव."

मी सरळ हो म्हणायला हवं होतं, असं मला नंतर पुष्कळांनी सांगितलं. पण मी जे मानत नाही ते करीन म्हणून वचन द्यायचं, तेही मरणाची तयारी करणाऱ्या माणसाला, हे मला जमलं नाही. "माय," मी म्हटलं, "तुम्ही गेलात की सरळ प्रभूकडे जाल, असं मी मानते. तुम्ही अडकलात असं धरून मी कशी मागू?"

त्यांनी डोळे उघडले. बाहेर बघितलं. "बरं," म्हणाल्या. "चहा टाक."

त्यानंतर त्यांनी बांधावरच्या माणसांबद्दल सांगणं बंद केलं. दुपारी तशाच येत होत्या, पाणी तसंच पुसट होत होतं, पण खाट गप्प असायची. आपल्याला बांधावर बसवून सगळे निघून जातील, ही त्यांची भीती होती, आणि ती आता घरात माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसलेली असायची.

ऑक्टोबर संपताना वडील कल्याणहून आले. आई गेल्यापासून ते महिन्यातून एकदा येत, येताना मायसाठी शेवचिवडा आणत आणि त्यांच्याशी वाद घालत. त्या दिवशी शेजारच्या वहिनी डबा परत द्यायला आलेल्या. नोव्हेंबरात दफनभूमीत जायचं, कबरी धुवायच्या, फुलं-मेणबत्त्या लावायच्या, हे माय त्यांना सांगत होत्या.

"अय्या, म्हणजे तुमच्यातही पितृपक्ष असतो?"

"असतो. फक्त कावळा लागत नाय."

"ऐका," वडील म्हणाले, "मी गेली तीस वर्षं हेच म्हणतोय, विहीणबाई."

"तुम्ही नका हसू, मास्तर. तुमच्यात तर माणूस पुरला की हात झटकायचे. मागे वळून बघत नाय कोणी."

"हात झटकत नाही, हात सोडतो. माणसाचं सगळं देणं प्रभूने क्रूसावर फेडलं. आता तुम्ही वर आणखी पैसे भरता, म्हणजे त्याने दिलेलं कमी पडलं असं म्हणता."

"मी कमी पडलं म्हणत नाय. मी म्हणते, घरात शिरताना पाय धुवावेत."

वहिनी दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. "पाय धुणं तर बरोबर आहे," म्हणाल्या.

"तुम्ही त्यांच्या बाजूने बोलू नका," वडील म्हणाले. त्यांनी चिवड्याची पुडी मायच्या हाताशी सरकवली. "आणि विहीणबाई, माझी बायको पोचली. त्याबद्दल मला शंका नाही. शंका आली तर मी रात्री झोपणार नाही."

हे ते हसत म्हणाले नाहीत. मायने नुसती मान हलवली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की वडिलांसाठी हा वाद पानांचा नव्हताच. आईचं शेवटचं वर्ष त्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर काढलं होतं. तिला आणखी कुठे थांबावं लागेल, ही कल्पनाच त्यांना सोसणारी नव्हती.

नोव्हेंबर लागला. या महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी माळ असते. चर्चच्या पॅरिशमधल्या चारपाच म्हाताऱ्या येतात, खाटेभोवती बसतात, प्रार्थनेचं एक आवर्तन संपलं की प्रत्येकीने आपल्या मृतांची नावं घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, त्यांना चिरविश्रांती मिळो. मी तोपर्यंत स्वयंपाकघरात चहा करायचे. माझा त्या खोलीशी तेवढाच संबंध.

त्या संध्याकाळी दूध उतू जायला आलं होतं म्हणून मी गॅस बंद केला, आणि गॅसचा आवाज थांबल्यावर खोलीतला आवाज स्पष्ट झाला. मायची पाळी होती. बहीण. दीर. नवरा. मग जराही न थांबता, त्याच सुरात, माझ्या आईचं नाव.

"त्यांना चिरविश्रांती मिळो," सगळ्या म्हणाल्या. सवयीने. म्हणजे हे नाव त्या पहिल्यांदा ऐकत नव्हत्या.

मी ट्रे घेऊन गेले, कप ठेवले, बिस्किटं ठेवली. बायका गेल्यावर मायच्या समोर बसले.

"माझ्या आईला त्यात का घातलंत? कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून."

"वडिलांना कळलं तर काय वाटेल त्यांना?"

"म्हणून तर सांगितलं नाय." त्या चादरीची कड बोटांत गुंडाळत होत्या. "तुमच्यात कोणी करत नाय. बाई चांगली होती. तिच्या हातचं खाल्लंय मी. मना वाटलं, मास्तर म्हणतात तशी पोचली असेल. पण नसली पोचली तर? बांधावर बसलीय आणि तिचं नाव घेणारं कोणीच नाय, असं होऊ नये."

"आणि पोचली असेल तर तुमचं मागणं फुकट."

"फुकट कशाला? ती पोचली असेल, तर ते ज्याचं कोणी नाय त्याला मिळतं. देव काय टाकून देत नाय."

खाडीवर अंधार पडायच्या आधीचा तो जांभळा उजेड होता, ज्यात समोरच्या माणसाचा चेहरा जवळ असूनही लांबचा वाटतो. मला राग यायला हवा होता. वडिलांची मुलगी म्हणून तो येणं बरोबरही होतं. पण या बाईने इतकी वर्षं, दर माळेला, माझ्या नकळत, माझ्या आईचं नाव स्वतःच्या माणसांच्या रांगेत बसवलं होतं. आणि तिने स्वतःसाठी तेवढंच मागितलं, तेव्हा मी तिला तत्त्व सांगितलं होतं.

"माय," मी म्हटलं, "मी तुमच्यासाठी मिस्सा लावीन. माझा विश्वास नाही, तो तुमचा आहे. तुमच्या विश्वासाने लावीन. चालेल?"

"लाव. कोणाच्या विश्वासाने, ते फादरला सांगू नको."

"आणि आईचं नाव?"

"ते माझं काम. त्यात तू पडू नको."

त्या आठवड्यात त्यांनी पुन्हा बांधावरच्या बहिणीबद्दल सांगितलं. ती म्हणे केस सोडून बसली होती आणि तिला कोणाची वाट बघायची काळजी नव्हती.

माय पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, दुपारीच, बाल्कनीचं दार उघडं असताना. मी वचन पाळलं. सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची, मग ठरलेल्या तारखांची. ऑफिसमधून लवकर निघून चर्चच्या कार्यालयात जायचं, नाव द्यायचं, आणि सकाळच्या मिस्सेला मागच्या बाकावर बसायचं. फादर त्यांचं नाव वाचायचे तेव्हा मी उभी राहायचे. काही मागायचे का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. उंच खिडक्यांतून ऊन यायचं, त्यात धूळ तरंगायची, आणि मी कितीतरी वेळ त्या धुळीकडे बघत असायचे. वडिलांना सगळं माहीत होतं. "शब्द दिलास ना, मग पाळ," एवढंच ते म्हणाले, आणि विषय बदलला.

नोव्हेंबरात म्हाताऱ्या विचारायला आल्या, माळ तुमच्याकडेच ठेवायची का. मी हो म्हटलं. खाट काढून टाकली होती, त्या जागी खुर्च्या मांडल्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. "चहा नंतर," म्हणाल्या, आणि मायच्या जागेवर बसवलं.

माळ त्यांनी म्हटली, मी ऐकली. तो सूर एकसारखा, भरतीसारखा, वर येतो आणि तिथेच थांबून परत जातो. नावं घ्यायची पाळी फिरत फिरत माझ्याकडे आली. मी मायचं नाव घेतलं, मग त्यांच्या बहिणीचं, दिराचं, नवऱ्याचं. सगळ्या डोळे मिटून बसलेल्या. कोणी "चिरविश्रांती" म्हणेना. त्या थांबल्या होत्या, कारण इतकी वर्षं त्यानंतर आणखी एक नाव यायचं.

माझ्या तोंडाशी ते नाव आलं आणि तिथेच राहिलं. ते मागणं मायचं होतं. ते मी घेतलं असतं, तर कल्याणच्या खोलीत एकटे झोपणाऱ्या माझ्या वडिलांच्या उशाखालून मी काहीतरी काढून घेतलं असतं.

माझ्या डाव्या बाजूच्या म्हातारीने डोळे न उघडता माझ्या आईचं नाव घेतलं. सहज, घसा खाकरावा तसं.

मी तिला थांबवलं नाही. सगळ्यांनी मिळून पुढची ओळ म्हटली, आणि माळ पुढे सरकली.