ताईची गिटार

सोल्डरचा धूर नाकात गेला की उस्मानपुऱ्यात रेडिओ दुरुस्त करणारे चाचा आठवतात. ताई नोकरीला परदेशी गेली, तिनं वाजवलेली गिटार माझ्या कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड होऊन राहिली, पण ॲम्पच्या स्पीकरचा आवाज नसलेली, अगदी कोरडी. ती पुन्हा तिच्याच ॲम्पमधून वाजवायला मी रिॲम्प बॉक्स नावाची डबी बनवली, तर नुसती घरघर! चाचांकडं नेली, त्यांनी डबी उघडली. "अर्थिंगची तार दोन्हीकडून जोडली बेटा, एक बाजू सोड," म्हणत त्यांनी एक तार कापली. घरी बटण दाबलं आणि खोलीत ताईच वाजवू लागली. पिठाच्या हातांनी आई धावत आली, "आली काय गं?" मग डबीकडं बघून इतकी हसली, म्हणाली, "परत लाव." आता ताई सुट्टीवर आली तरी आई तेच लावायला सांगते. ताई ओरडते, "अगं, मी इथं बसलीय ना!"